हातात बसेल अशी सुरी

सुरी हातातून निसटली, ओट्यावर आपटली, तिथून फरशीवर आली आणि माझ्या पायाशी येऊन गप्प झाली. भोपळा मात्र जिथल्या तिथं, अखंड, आमच्या दोघांकडे बघत बसला होता. बायको स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होती. जुन्या ओळखीचं माणूस रस्त्यात भेटावं आणि त्यानं ओळखच दाखवू नये, तेव्हा आपण बघतो ना, तसं.

"धरवतच नाही हो," ती म्हणाली.

अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजला होता. डॉक्टरांनी हात उलटासुलटा करून पाहिला आणि "वापर कमी करा" म्हणून सांगितलं. हात म्हणजे विजेचा पंखा असावा, असं. घरातल्या बाईला अंगठा कमी वापरा म्हणणं म्हणजे माशाला पोहणं जरा आवरतं घ्या म्हणण्यासारखं आहे. पण डॉक्टर तरुण होते, आणि त्यांच्या घरी स्वयंपाक बहुधा दुसरं कुणीतरी करत असावं.

आता माझी बायको बोलायला कशी, हसायला कशी, ते सांगायची ही जागा नव्हे. पण ती चिरायची कशी, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. झोपलेल्या लेकराला थोपटावं तशी तिची सुरी एका लयीत चालायची. घाई नाही, थांबा नाही. तिनं कांदा चिरला तर ते कांद्यालाही उशिरा कळत असावं. घरात पाहुणे आले की नात्यातल्या बायका तिचं चिरणं बघायला स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहायच्या. प्रत्येक माणसाजवळ मिरवण्याजोगं एखादंच काहीतरी असतं. तिच्याजवळ हे होतं.

खालच्या मजल्यावर माझे थोरले भाऊ आणि वहिनी राहतात. वहिनी स्वभावानं चांगल्या आहेत. हे वाक्य मी आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला मोकळा. भोपळा अखंड राहिला त्याच दिवशी त्या चिरलेल्या भाजीची वाटी घेऊन वर आल्या.

"माझं चाललंच होतं, म्हटलं तुमचंही उरकून टाकावं. तू बस गं, हाताला त्रास नको देऊस."

मग रोज वाटी यायला लागली. वाटीत गाजर आलं तर आमच्याकडे गाजर, कोबी आला तर कोबी. आमच्या घरात आज काय शिजणार, हे खालच्या मजल्यावर ठरू लागलं. शिवाय वाटीबरोबर एक वाक्य यायचं, वरकड म्हणून. "तुला तेव्हाच म्हटलं होतं, गार पाण्यात हात घालत जाऊ नकोस." किंवा, "माझे हात बघ, अजून दगड फोडतील." बायको "हो वहिनी" म्हणायची, दार लावायची आणि वाटीतली एक फोड उचलून उजेडात धरायची. वहिनींची फोड म्हणजे फोड. तोंडात गेली की माणसाचं बोलणंच बंद व्हावं, एवढी.

"किती जाड चिरतात," ती म्हणायची. त्या एका वाक्याच्या आधारावर ती दिवस ढकलत होती.

विकतच्या सुऱ्या आणून झाल्या. एकीची मूठ बॅटीसारखी, दुसरीची थर्मामीटरसारखी. तिसरी दुकानदारानं "डॉक्टरी पकड आहे" म्हणून गळ्यात मारली. ती हातात घेतली की बँक लुटायला निघाल्यासारखं वाटे. बायकोच्या हातात एकही टिकेना. अशात मला मोबाइलवर एक चित्रफीत दिसली. एक दाढीवाला माणूस गंजक्या पट्टीतून सुरी घडवत होता. इकडे माझ्या चहाला उकळी फुटली, तिकडे त्याची सुरी झाली. मूठ त्यानं आपल्या आईच्या हाताच्या मापानं केली होती, आणि आई पडद्यावर टोमॅटो चिरत हसत होती.

"मी तुला सुरी करून देतो," मी बायकोला म्हणालो.

"आणून."

"आणून नाही, करून. शिकून घेतो आणि करतो."

"तुम्ही?"

त्या 'तुम्ही'मध्ये आमचा आख्खा संसार होता. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, तक्रार विभागात आहे. आलेल्या तक्रारीवर 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असं लिहायचं आणि ती पुढच्या टेबलावर सरकवायची, हे माझं काम. आजवर सरकवलेलं कुठं जाऊन पोचलं, देव जाणे. माझ्या हातून झालेली, हातात धरून दाखवता येईल अशी एक वस्तू या जगात नाही. भिंतीत खिळा ठोकायला म्हणून मी गेलो, की पाठोपाठ गवंडी बोलवावा लागतो. पण बोललो ते बोललो. त्या दिवशी बायकोनं वाटीतलं गाजर कढईत जरा हलक्या हातानं ओतलं. मला तेवढं पुरलं.

आता वर्ग शोधणं आलं. जगात गाणं शिकवतात, पोहणं शिकवतात, श्वास कसा घ्यावा हेसुद्धा शिकवतात. सुरी करायला कोण शिकवतं, हे मात्र विचारायचं कुणाला? कचेरीत शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला मी सहज विचारलं, "सुरी करायला शिकवणारं कुणी आहे का रे ओळखीचं? अगदी नवशिक्याला?" तो म्हणाला, "बघतो." दुसऱ्या दिवशी त्याचं टेबल खिडकीपाशी गेलेलं होतं. साहेबांनी मला आत बोलावलं, बसायला सांगितलं, पाणी मागवलं आणि म्हणाले, "तुमची रजा शिल्लक असेल ना? घ्या की. जरा आराम करा." याच साहेबांनी सख्ख्या मावशीच्या मयताला मला अर्धा दिवस दिला होता, तोही "बघा जमलं तर लवकर या" असं सांगून.

इमारतीत बातमी माझ्याआधी पोचली. शेजारीणबाई आल्या. मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो, ते त्यांना माहीत नव्हतं.

"घरात सगळं ठीक आहे ना गं?"

"ठीक आहे की."

"नाही, म्हटलं हे चाकू करायला शिकतायत म्हणे."

"माझ्यासाठीच शिकतायत."

शेजारीणबाई आवाज उतरवून म्हणाल्या, "काही वाटलं तर भिंतीवर नुसतं ठोक. आमचे हे घरीच असतात."

माझ्या घरात झुरळ निघालं तर मी खुर्चीवर चढतो आणि बायकोला हाक मारतो. कुणाला माझी भीती वाटावी अशी वेळ आयुष्यात पहिल्यांदा आली, तीही गैरसमजातून. खरं सांगतो, मला क्षणभर बरं वाटलं.

दुसऱ्या मजल्यावरचे फौजदारसाहेब जिन्यात आडवे आले. ते निवृत्त झालेले आहेत, पण ही गोष्ट अजून त्यांच्या कानावर गेलेली नाही.

"हत्यार कशासाठी?"

"हत्यार नाही हो. भाजी चिरायची सुरी."

"सगळे असंच म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"ते मला सांगता येणार नाही," ते म्हणाले आणि माझ्या पिशवीत डोकावले. पिशवीत दूध होतं. "हे बघा, शिकायचं तर सरकारी वर्गात शिका. खाजगी भानगडीत पडू नका. उद्या काही झालं तर कागद बोलतो, माणूस बोलत नाही."

सल्ला मला पटला. मी स्वतः कागदाचा माणूस. सरकारी प्रशिक्षण केंद्रात गेलो तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "आहे की. धातुकाम, प्राथमिक, संध्याकाळचा वर्ग." मला त्या बाईंमध्ये मायेची मावशी दिसायला लागली. मग ती मावशी म्हणाली, "पण धारेची वस्तू करणार असाल तर पोलिसांचा वर्तणुकीचा दाखला लागेल."

पोलीस ठाण्यातल्या हवालदारानं विचारलं, "पातं केवढं करणार?"

"अजून शिकलो नाही. केवढं होईल, कसं सांगू?"

"मग शिकून या."

"शिकायलाच तर दाखला पाहिजे."

"बरोबर. पण दाखल्याला प्रवेशाचं पत्र पाहिजे."

"प्रवेशाला दाखला पाहिजे."

हवालदारानं लेखणी खाली ठेवली. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "काका, कसं आहे, ज्याला चाकू करायचाय तो करतो. विचारायला कुणी येत नाही. तुम्ही विचारायला आलात, म्हणजे आता आम्हाला विचार करणं भाग आहे." असं म्हणून त्यानं माझं नाव, पत्ता आणि उंची लिहून घेतली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हीकडे जेवणाची सुट्टी. शेवटी फौजदारसाहेबांनीच मनावर घेतलं. आपल्या जुन्या ठाण्याच्या नावानं त्यांनी एक पत्र लिहिलं आणि जिन्यात उभं राहून, तीनही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला वाचून दाखवलं. 'सदर गृहस्थांस मी पुष्कळ वर्षे ओळखतो. त्यांच्या हातून कोणाचे काही बरेवाईट होईल, अशी क्षमता मला त्यांच्यात कधीही आढळलेली नाही.'

खालून वहिनींचा आवाज आला, "अगदी खरं लिहिलंत हो."

ठाण्यातल्या साहेबांनी ते पत्र वाचलं, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि जागच्या जागी शिक्का मारला. मी इतकी वर्षं कचेरीत आहे. पण एखाद्याचा अपमान एवढ्या तातडीनं मंजूर झालेला मी कधी पाहिला नाही.

दाखला घेऊन केंद्रात गेलो. खिडकीतल्या बाईंनी तो टाचणीनं टाचून ठेवून दिला. "वर्ग बंद आहे. मास्तर निवृत्त झालेत, जागा भरायची आहे."

"हे आधी सांगायचं होतं."

"तुम्ही प्रवेशाला काय लागतं ते विचारलंत. वर्ग चालू आहे का, असं कुठं विचारलंत?"

मी तक्रार लिहून दिली. बाईंनी ती वाचली, वर काहीतरी लिहिलं आणि पलीकडच्या टेबलावर सरकवली. काय लिहिलं, ते मला उलट्या बाजूनंही वाचता आलं. ते अक्षर माझं नव्हतं एवढंच. वाक्य माझंच होतं.

या धावपळीत दिवस जात होते आणि घरात वाटी येत होती. बायको आता ब्लाउजची बटणं डाव्या हातानं लावायला शिकली होती. डब्याची झाकणं मी येईपर्यंत मिटलेली राहायची. ती कुरकुर करत नव्हती, आणि मला त्याचंच भय वाटत होतं. नदी आवाज करते तोवर तिला तळ असतो. गप्प झाली की कुठवर खोल गेली ते कळत नाही.

वर्ग सापडला तो माझ्या किडलेल्या दाढेच्या कृपेनं. दातांच्या डॉक्टरीणबाई माझ्या तोंडात हत्यार घालून गप्पा मारत होत्या, कारण त्यांना उत्तराची गरज नसते. "रविवारी मी सुऱ्या करायला जाते. एक सर शिकवतात, त्यांच्या गॅरेजमध्ये. अगदी नवशिक्यांनाही घेतात." माझं तोंड कापसानं भरलेलं. मी आनंदानं असा काही आवाज काढला की बाईंनी घाबरून आणखी एक इंजेक्शन दिलं.

सर पूर्वी विम्याचे एजंट होते. तेव्हा मरणाबद्दल बोलत; बोलायची सवय सुटली नव्हती, म्हणून आता पोलादाबद्दल बोलत. पहिल्या रविवारी आम्ही पोलाद पाहिलंही नाही. "आधी त्याचं ऐकायला शिका," ते म्हणाले आणि स्वतः दुपारभर बोलले. दुसऱ्या खेपेला आम्ही सुरीचं चित्र काढलं. मग ती पुठ्ठ्यातून कापली. मग लाकडातून तासली. लाकडाची सुरी घरी न्यायची आणि "तिच्याबरोबर राहायचं", असा गृहपाठ होता. मी ती जेवणाच्या टेबलावर ठेवली. वहिनी वाटी ठेवायला आल्या, त्यांनी ती उचलून बघितली.

"भाऊजी, हिला धार लावायची, की पालवी फुटायची वाट बघायची?"

बायको हसली नाही. पण हसू आवरताना तिच्या गालाला जे होतं ते मला दिसलं, आणि तेही मला लागलं.

मग एकदाचा हातोडा हातात आला. लाल पट्टी ऐरणीवर धरायची आणि ठोकायची, एवढंच. दाढीवाल्याच्या हातात ती लोण्यासारखी पसरत होती. माझ्या हातात ती पसरली नाही. माझा अंगठा पसरला. सांडशी सटकली, हातोडा सटकला नाही. डॉक्टरीणबाईंनी धावत येऊन पट्टी बांधली. त्यांच्या दोन सुऱ्या तोवर झाल्या होत्या.

घरी आलो. बायकोनं माझा हात बघितला, मी तिचा बघितला. आमच्या संसारात आता कामाचे अंगठे दोनच उरले होते, तिचा डावा आणि माझा उजवा. वहिनींनी दारातूनच अंदाज घेतला आणि परत जाऊन मोठी वाटी घेऊन आल्या.

"शिकवणी कशाची म्हणालात, भाऊजी? सुरीची ना?"

"हो."

"नाही, म्हटलं हाडं मोडायचीही वेगळी असेल."

अंगठा बरा झाला आणि मी पुन्हा गेलो. पातं घडलं की ते तापवून तेलात बुडवतात. सर याला 'पाणी पाजणं' म्हणत, आणि तेलानं ते शब्दशः घेतलं असावं, कारण ते भडकलं. माझी उजवी भुवई गेली. पाठोपाठ तेलातून 'टिंग' असा बारीक आवाज आला. काच तडकावी तसा. "गेलं," सर म्हणाले. दुसरं पातं वाकलं. तिसरं घासता घासता संपलं. पहिल्यांदा भोपळ्यासाठी योजलं होतं, मग कांद्यावर आलं, मग लिंबावर, आणि शेवटी सरांनी ते पाकिटं फोडायला ठेवून घेतलं. कचेरीत मी एका भुवईनं बसत होतो. साहेब समोर आले की नजर खाली घालत. मी सरकवलेल्या तक्रारी आता कुणी वाचल्याशिवाय पुढे सरकवत नव्हतं. भीती ही मोठी कामाची वस्तू आहे.

आणि मग एक दिवस एक पातं टिकलं. सरांनी त्यावर कानस घासून बघितली, तर ती चावली नाही. घसरली आणि काचेवरून मणी ओघळावा तसा आवाज आला. "कठीण झालं," सर म्हणाले. मी ते पातं उन्हाला धरलं. वेडंवाकडं होतं, एका कडेला मारलेल्या हातोड्यांचे वण होते, पण होतं. आयुष्यात प्रथमच मी काहीतरी पुढच्या टेबलावर सरकवलं नव्हतं.

आता मूठ. सर म्हणाले, वापरणाऱ्यानं ओल्या मातीचा गोळा मुठीत घट्ट दाबायचा, त्याचा ठसा वाळवायचा आणि त्या मापानं लाकूड कोरायचं. मी सकाळी मातीचा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून बायकोच्या पुढ्यात ठेवला.

"सुरी धरतेस तशी धर. जोर लावून."

"किती जोर?"

"होईल तेवढा. जितका खोल ठसा, तितकी मूठ हातात बसेल."

"बरं," ती म्हणाली. मी कचेरीला निघालो. बऱ्याच दिवसांनी जिना उतरताना मी काहीतरी गुणगुणत होतो.

संध्याकाळी येऊन बघतो तर खिडकीत ठसा वाळत होता. काय तो ठसा. बोटांच्या सऱ्या अशा उठल्या होत्या की नुकतं नांगरलेलं रान. अंगठ्याची जागा एवढी खोल की पाणी घातलं तर पाखरानं पिऊन जावं. आणि एका बोटाच्या सरीत अंगठीचा वळसुद्धा होता. सांधे सुजल्यापासून बायकोनं अंगठी डबीत काढून ठेवली होती. आज मुद्दाम घातली असणार, माझ्या सुरीसाठी. मला भरून आलं.

"अगं, जोर आहे की तुझ्या हातात अजून."

"नीट वाळू दे," ती म्हणाली आणि गॅसकडे वळली.

त्यापुढचे रविवार मी त्या ठशाच्या संगतीत काढले. एकेक सरी बोटानं चाचपायची आणि लाकडात उतरवायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या हाताचा एवढा अभ्यास मी कधी केला नव्हता. करंगळी थोडी आत वळलेली. तळव्याची गादी भरीव. मी मनाशी म्हणत होतो, बघ, हाच हात तुझा डबा भरत आला, हाच कपाळावर टेकत आला, आणि तू कधी त्याच्याकडे बघितलं नाहीस. अंगठीच्या वळासाठी मी कानशीच्या टोकानं एक नाजूक खाच केली. सरांनी ती मूठ बघितली आणि पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुणासाठी?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "नशीबवान आहेत." मी तेही वाक्य घरी घेऊन आलो आणि बायकोला जसंच्या तसं दिलं. तिनं वहिनींची वाटी धुवायला घेतली.

सुरी घरी आली त्या दिवशी भोपळा मुद्दाम आणला होता. फौजदारसाहेब आले, कारण पत्र त्यांच्या सहीचं होतं आणि पुढच्या परिणामांना ते स्वतःला जबाबदार धरत होते. शेजारीणबाई आल्या. वहिनी वाटी घेऊन आल्या आणि मंडळी बघून वाटी हातात धरूनच उभ्या राहिल्या.

बायकोनं सुरी घेतली. थोरल्या भावाचे बूट घातल्यावर धाकट्याचे पाय जसे आत फिरत राहतात, तशी तिची बोटं त्या सऱ्यांत फिरत राहिली. एकही बोट आपल्या घरात बसेना. तिनं भोपळ्यावर पातं टेकवलं आणि भार दिला. पातं सालीत रुतलं, हात मुठीवरून पुढे सरकला आणि सुरी आडवी झाली. तिनं पुन्हा धरली. पुन्हा तेच. कपाळावर घाम आला. "होईल सवयीनं," मी म्हणालो. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"आण बघू," वहिनी म्हणाल्या. वाटी खाली ठेवली आणि सुरी उचलली.

वासरू गाईशी जाऊन भिडावं तशी ती मूठ त्यांच्या तळव्यात जाऊन बसली. बोटं आपापल्या सरीत गेली, करंगळी आत वळली, आणि त्यांच्या बोटातली अंगठी मी केलेल्या खाचेत टक् करून टेकली. भोपळा फुटला. पाठोपाठ फोडी पडू लागल्या. वहिनींच्या फोडी, पण पातळ. एकसारख्या. सुरी एका लयीत चालू होती आणि वहिनी स्वतःच आपल्या हाताकडे नवलानं बघत होत्या.

"धार उत्तम आहे," फौजदारसाहेब म्हणाले. "लांबी नियमात आहे."

शेजारीणबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. जशा बायका पूर्वी उभ्या राहायच्या, तशा.

मी अंगठीकडे बघत होतो. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मग बायकोकडे, आणि त्यांचा हात थांबला. "मी म्हटलं होतं हिला," त्या पुटपुटल्या, "माझं माप कसं चालेल म्हणून."

बायकोनं सुरी धुतली, पुसली, कागदात गुंडाळली आणि त्यांच्या हातात दिली. "तुमच्याच हाताला बसलीय, वहिनी. न्या."

सगळे गेल्यावर मी टेबलाशी बसलो. समोर भोपळ्याच्या फोडींचा ढीग होता.

"मातीवर वळच उठेना," बायको म्हणाली. "दुपारभर दाबत होते. मग दोन्ही हातांनी दाबलं, तर ती मूठ वाटेना. आणि तुम्ही सकाळी गुणगुणत गेला होतात."

"म्हणून वहिनींना बोलावलंस?"

"बोलवायला कशाला पाहिजे. वाटी द्यायला आल्याच होत्या."

दुसऱ्या दिवशी मी दुकानातल्या सुरीनं स्वतः चिरायला बसलो. हे मला आधी का सुचलं नाही, हे तिनं विचारलं नाही, आणि त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे. एक कांदा मी बराच वेळ चिरला. तिनं ताटलीतले तुकडे बघितले. त्यातला एक पाय फुटल्यासारखा लांब होता, एकात आख्खं देठ होतं, एकाला माझं थोडं रक्त लागलं होतं.

"राहू द्या," ती म्हणाली. "येईलच वाटी."

वाटी आली. वहिनी आता वाक्य देत नाहीत, नुसतीच वाटी देतात. ते जास्त लागतं. त्या दिवशी वाटीत कोबी होता. बायकोनं डाव्या हाताच्या बोटानं तो जरा पसरून बघितला. फोड उचलून उजेडात धरावी असं त्यात काही नव्हतं, इतका तो बारीक होता. ती पुष्कळ वेळ बघत राहिली.

"बारीक चिरलाय," ती म्हणाली आणि तो कढईत ओतला.

हल्ली जिन्यात पाऊल वाजलं की मी उठायच्या आत तीच उठते. कडी कोपरानं सारते. वाटी घ्यायला दोन्ही तळवे एकाशेजारी एक, वर करून पुढे धरते. तसं धरायला अंगठा लागत नाही.